कुळागरात सेन्सर लावले तर कोळेरोग आधी कळतो का? माझा सात पावसाळ्यांचा अनुभव

तू विचारलंस ते थोडक्यात असं, की गोव्यात सावईवेऱ्याला वडिलांचं दोन एकराचं कुळागर, म्हणजे मिश्र बाग आहे, माडी, मिरी, केळी, जायफळ, कडेला थोडे माड (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे माडी म्हणजे सुपारीचं झाड, भलतं काही समजू नका), गेल्या पावसात कोळेरोगाने निम्म्यावर सुपारी गळाली, आणि आता एक कंपनीवाला सांगतोय की सहा सेन्सर लावा, रोग यायच्या आधी मोबाईलवर अलर्ट येईल, वर्षाची फी वेगळी. घ्यावं की नाही.

त्या अलर्टसाठी घेऊ नकोस. सेन्सर मात्र लाव, सहा नको, दोन-तीन पुरे, आणि त्यांना रोग कधी येणार हा प्रश्न विचारायचा नाही, दुसराच प्रश्न विचारायचा. तो कुठला ते सांगायला थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बस.

मी सत्तरी तालुक्यातला. वीसेक वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं, म्हणजे प्रेशर, तापमान, आर्द्रता मोजणारी यंत्रं लावायची आणि बिघडली की शिव्या खायच्या, मग वडील थकले तसं घरचं कुळागर हातात घेतलं. त्यामुळे मला सुरुवातीला वाटलं की हा तर आपल्या हातचा मळ, चार नोड (सेन्सर, बॅटरी आणि रेडिओ असलेला डबा) बनवू, डेटा येईल, कोळेरोगाची कुंडली मांडू. पहिल्या वर्षी मी काय केलं बघ. ब्रिटनमध्ये बटाट्याच्या करप्यासाठी १९५६ पासून एक नियम वापरात होता, लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या वर आणि रोज निदान ११ तास आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, की धोका समजायचा. २०१७ मध्ये त्यात बदल करून ११ चे ६ तास केले. बटाट्याचा तो करपा आणि आपला कोळेरोग एकाच घराण्यातले, दोन्ही फायटोप्थोरा, म्हटलं नियम थोडा फिरवून इथे बसवू. बसवला. जून संपेपर्यंत अलर्ट यायला लागले आणि जुलैत ३१ पैकी ३१ दिवस मोबाईल लाल. सत्तरीत जुलै महिन्यात आर्द्रता ९० च्या खाली उतरतेच किती वेळ, दुपारी ऊन पडलं तर तासभर, आणि १० अंश तर आपण फ्रिजमध्येच बघतो. ऑगस्टला मी अलर्टचा आवाज बंद केला आणि नेमकी त्याच वर्षी वरच्या बाजूची माडी सगळी गळाली. बायको म्हणाली, कोळे लागला हे सांगायला मोबाईल कशाला, खाली पडलेली सुपारी दिसत नाही?

ती म्हणाली तेच खरं आहे. ज्या मुलखात सतत ओलं नसतं तिथे ओलावा हा अपवाद असतो म्हणून ओलावा मोजला की रोगाची वर्दी मिळते. आपल्याकडे पावसाळाभर कोरडेपणा हाच अपवाद. मग यंत्राने अपवाद मोजायचा की नाही? ओलं कधी होणार हे विचारायचंच नाही, सुकं कधी आणि किती वेळ मिळणार ते विचारायचं. माझे सेन्सर आता फक्त हेच सांगतात.

का ते कळायला रोग कसा चालतो ते बघ. फायटोप्थोराला आपण बुरशी म्हणतो पण तो खरी बुरशी नव्हे, पाणबुरशी म्हणूया, त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहतात. घोसावर पाण्याचा पातळ थर असला की झालं, सुपारीच्या टोपीजवळ आधी पाणी मुरल्यासारखा गडद हिरवा डाग, मग पांढरी कापसासारखी वाढ, आणि मग गळ. तापमान २० ते २३ अंश, आर्द्रता ९० च्या वर, आणि पाऊस-ऊन-पाऊस असा खेळ, हे त्याचं आवडतं हवामान. नियमित पाऊस सुरू झाल्यावर साधारण १५-२० दिवसांनी तो दिसायला लागतो. म्हणजे आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात आला तर जूनच्या शेवटाला पहिल्या गळीकडे लक्ष ठेवायचं. यात भाकीत काय करायचं राहिलं? कॅलेंडर पुरतं.

आणि उपायही ठरलेला, एक टक्का बोर्डो. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटरमध्ये वेगळं, चुना ५० लिटरमध्ये वेगळा, प्लास्टिकच्या पिंपात, लोखंडी-पत्र्याच्या भांड्यात अजिबात नाही, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. लोखंडी सुरी बुडवून बघायची, तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, अजून चुना घाल. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, पाऊस लांबला तर तिसरी. (हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डोकडचं, १८८५ सालचं. तिथले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून हे निळं-हिरवं शिंपडत, मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेली केवड्यापासून वाचल्यात. चोरांचे उपकार.)

आता हिशेब कर. पहिली फवारणी मेच्या शेवटाला, ती सोपी. दुसरी ४५ दिवसांनी म्हणजे जुलैच्या मध्यावर, ऐन धो धो पावसात. घोस ओला असताना फवारलं तर मिश्रण ओघळून जातं, फवारल्यावर सुकायला निदान तीन-चार तास तरी हवेत, एकदा सुकून चिकटलं की मग पाऊस त्याला सहज धुऊ शकत नाही, राळ-सोडा घातला तर आणखी बरं. आणि ओल्या खोडावर माणूस चढवायचा म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. पाडेली, म्हणजे माडीवर चढणारे गडी, मिळत नाहीत ते वेगळंच, मिळाला तर त्याच्या वहीत आपल्याआधी दहा जणांची नावं. म्हणून दुसरी फवारणी चुकते, "पाऊस थांबला की करू" म्हणत म्हणत चवथ (गणेश चतुर्थी) येते. माझ्या अंदाजाने तुमची सुपारी इथेच गेली असणार, वडिलांना विचार, गेल्या वर्षी दुसरी फवारणी कुठल्या तारखेला झाली.

सेन्सर कामाला आला तो इथे. माझ्याकडे आता घोसाच्या उंचीला बांधलेला एक ओलावा-सेन्सर आहे, लीफ वेटनेस म्हणतात तो, आणि सोबत तापमान-आर्द्रतेचा एक. दर १५ मिनिटांनी आकडा येतो. चार-पाच वर्षांच्या नोंदीतून मला एवढं कळलं की पाऊस थांबल्यावर माझ्या खालच्या भागातला घोस सुकायला किती वेळ घेतो आणि वरच्या, उघड्या भागातला किती, आणि त्यात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. खालचा भाग झरीजवळ, तिथे सकाळचं ऊन पोचतच नाही. म्हणून पावसाने उघडीप दिली की मी सेन्सर बघतो, वरचा भाग सुकायला लागला की पाडेलीला फोन, आधी वरचा भाग, तोवर खालचा सुकतो. पणजीच्या हवामान खात्याचं रडार मोबाईलवर उघडून पुढच्या दोन-तीन तासांत समुद्रावरून काही येतंय का बघतो. एवढंच. गेल्या तीन वर्षांत दुसरी फवारणी एकदाही चुकली नाही, आणि खरं श्रेय द्यायचं तर निम्मं पाडेलीला द्यावं लागेल, त्याला आता माहीत आहे की याचा फोन आला म्हणजे घोस सुका आहे, फुकटची खेप होणार नाही, म्हणून तो दुसऱ्याचं काम टाकून येतो.

घोसाच्या उंचीला, हे मी मुद्दाम म्हणतो. कंपनीवाले सेन्सर छातीच्या उंचीला खांबावर लावतात कारण त्यांच्या माणसाला माडीवर चढता येत नाही. घोस आहे ३०-४० फुटांवर. खाली केळी, जायफळ, मिरीचे वेल, सगळी सावली, वारा नाही, वर वारा आणि ऊन. खालचा सेन्सर दिवसभर ओला म्हणेल आणि वर घोस दहा वाजताच सुकलेला असेल. पहिली दोन वर्षं माझी याच चुकीत गेली. त्यात आणखी एक मेख अशी की सेन्सर म्हणजे सपाट पट्टी आणि घोस म्हणजे गच्च भरलेल्या सुपाऱ्या, टोपीखाली आणि दोन सुपाऱ्यांच्या फटीत पाणी साचून राहतं. पट्टी सुकली म्हणते तेव्हा फटीत बोट घाल, ओलं लागतं. मी पाडेलीला दहा-बारा वेळा बोट घालून बघायला लावलं आणि तेवढा वेळ पट्टीच्या वेळेत वाढवून धरतो, माझ्याकडे दीड-दोन तास, तुझ्याकडे वेगळा निघेल, तुझा तू काढ.

आता यंत्रांबद्दल, कारण कंपनी हे सांगणार नाही. आर्द्रतेचा सेन्सर, चांगल्यातला एसएचटी३१ घेतला तरी दोन टक्के इकडेतिकडे धरून चालायचं. आपल्या पावसाळ्याचा सगळा खेळ ९५ ते १०० मध्ये, म्हणजे ९६ आणि ९८ यातला फरक दाखवला तरी त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. स्वस्तातला डीएचटी२२ तर एकदा दमट झाला की ९९.९ वर जाऊन बसतो आणि उन्हाळा येईपर्यंत उठत नाही, आमच्या गावच्या म्हाताऱ्यांसारखा. दवबिंदू काढून तापमानातून वजा करायचा आणि फरक दोन अंशांपेक्षा कमी असला की पान ओलं समजायचं, अशीही एक युक्ती आहे, जानेवारीत ती छान चालते, जुलैत पुन्हा तेच, चोवीस तास ओलं. म्हणून पावसाळ्यासाठी ओलावा-पट्टी प्रत्यक्ष लावण्याला पर्याय नाही. पट्टी घेताना तांब्याच्या उघड्या रेषांची घेऊ नको, एका पावसात हिरवी होऊन खाऊन जाते, सोन्याचा मुलामा दिलेली घे, आणि बारीक थेंबसुद्धा पकडले जावेत म्हणून तिच्यावर पांढऱ्या लॅटेक्स रंगाचा पातळ हात दे. महिन्यातून एकदा पुसायला हवी, नाहीतर शेवाळ धरतं आणि शेवाळ कायमचं ओलं.

वीज. सोलर पॅनल कुळागरात पावसाळ्यात शोभेला. दाट सावली, वर ढग, माझे दोन नोड पहिल्या जुलैत आठवड्याभरात मेले. आता मी पॅनलचा नाद सोडला, मोठी बॅटरी, नोड १५ मिनिटं झोपतो, क्षणभर जागा होऊन आकडा पाठवतो, परत झोपतो, सगळा पावसाळा निघतो. सिग्नलचं म्हणशील तर दरीत मोबाईलची रेंज नाही त्यामुळे सिमकार्डवाला नोड चालत नाही, लोरा (कमी विजेत लांबवर आकडा पाठवणारा रेडिओ) वापरायचा, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही. पण जाहिरातीत लिहितात दहा किलोमीटर वगैरे, ते मोकळ्या माळावर. ओल्या पानांतून रेडिओ लहरी मरतात, मला घरापासून चारशे मीटरवर मार खावा लागला, शेवटी घराच्या छपरावर अँटेना उंच केला तेव्हा जमलं. मुंग्यांचं तर विचारूच नको. डब्याच्या वायरीच्या भोकातून आत शिरून अंडी घालतात, भोकाला सिलिकॉन लाव, तरी ऑक्टोबरला उघडलं की एखादं खटलं निघतंच. आणि वानर. त्यांना लटकणारी वायर दिसली की ओढल्याशिवाय चैन पडत नाही.

मिरी आहे तर जमिनीतला ओलावा मोजणारा एक सेन्सर मात्र नक्की लाव. मिरीची मर, तीही फायटोप्थोराच, कॅप्सिकी जातीचा, मुळाशी पाणी तुंबलं की सुरू होते आणि हिरवागार वेल दोन-तीन आठवड्यांत उभा मरतो. इथे सेन्सरने मला खरंच एक नवीन गोष्ट दाखवली. मी समजत होतो की पाटाच्या कडेचे वेल धोक्यात, म्हणून तिथेच चर मारत होतो. सेन्सर फिरवून फिरवून लावला, एकेका जागी पाऊस थांबल्यावर माती दोन दिवसांनी किती उतरते ते बघितलं, तर सगळ्यात जास्त वेळ पाणी धरत होती ती मधली जागा, जिथे खाली चिऱ्याचा सपाट थर होता आणि वरून काही दिसत नव्हतं. तिथे चर मारला. रोग झाल्यावर अलर्ट मिळण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि एकच सेन्सर पुरला. फक्त कपॅसिटिव्ह घे, दोन उघड्या दांड्यांचा स्वस्तवाला गंजतो, आणि आपल्या जांभ्या मातीत खडे फार, सेन्सरच्या बाजूला हवा राहिली तर आकडा खोटा येतो, म्हणून आधी चाळलेल्या मातीचा चिखल करून त्यात बसवायचा.

घराजवळ मानकुराद आंब्याची कलमं असतील तर गोष्ट वेगळी. डिसेंबर ते फेब्रुवारी मोहराच्या दिवसांत सेन्सर खरंच भाकिताच्या जवळ जातो, कारण तेव्हा कोरडं हेच नेहमीचं आणि दव हा अपवाद. रात्री बारापासून सकाळी नऊपर्यंत मोहर दवाने ओला राहिला, वर ढगाळ, की करप्याची भीती, तेव्हा फवारणीचा निर्णय आकडा बघून घेता येतो. पण त्याच आकड्यावर भुरीचा निर्णय घेऊ नको, भुरीला पानावर पाणी लागत नाही, उलट धो धो ओलं झालं तर तिचे बीजाणू बिघडतात, तिला कोरडा दिवस आणि गार रात्र पुरते. कंपनीचं ॲप "रोगाचा धोका" म्हणून एकच रंग दाखवतं ना, त्यांना विचार, कुठल्या रोगाचा?

आणखीही एक विचार त्यांना, हे मॉडेल शिकवलं कुठल्या पिकावर आणि कुठल्या गावातल्या डेटावर. बहुतेक द्राक्ष, टोमॅटो, बटाटा निघेल. वाईट नाही ते, नाशिककडे द्राक्षवाल्यांना हवामान केंद्रांचा उपयोग होतो हे मी ऐकून नाही, बघून सांगतो, तिथे फवारण्या कितीतरी जास्त असतात, चार वाचल्या तरी मोठा पैसा. कुळागरात फवारण्या दोन किंवा तीन. वाचवायचं काय त्यात? आणि माडीवर रोग कधी आला, कुठल्या झाडावर, किती गळ, याची नोंद कोणाकडे आहे? ती नसेल तर यंत्र काय डोंबल शिकणार, त्याला फक्त हवामान माहीत, रोग माहीतच नाही.

म्हणून सगळ्यात आधी वही कर. माझी पद्धत सांगतो, वीस माड्या निवडल्या आहेत, खोडाला रंगाचे पट्टे, दर रविवारी त्यांच्या खाली पडलेली सुपारी मोजायची, कोळेवाली वेगळी, वटवाघळांनी टाकलेली वेगळी. फवारणीची तारीख, चुना कुठला, सुरीचा रंग काय आला. पाऊस मोजायला यंत्र नको, साधा पर्जन्यमापक अंगणात ठेव, सकाळी साडेआठला बघ आणि लिही, माझ्या स्वयंचलित पर्जन्यमापकात माडीच्या फुलांचा कचरा अडकून तो ऐन पावसात शून्य दाखवायचा. वडिलांना हे मोजायला सांग, तुला वाटेल ते कंटाळा करतील, माझे वडील उलट खूश होते, रोज सांगायचे आज अमक्या झाडाखाली नऊ, काल चार.

खर्चाचं. स्वतः बनवलास तर एक नोड दोन-तीन हजारांत होतो, बॅटरी आणि डबा धरून, घरातला गेटवे, म्हणजे नोडचे आकडे गोळा करणारं यंत्र, वेगळा. तू सॉफ्टवेअरचा माणूस म्हणतोस तर एक शनिवार-रविवार पुरेल, कारागिरी लागते ती डबा बंद करण्यात, कोडमध्ये नाही. कंपनीकडून घ्यायचंच असेल तर फीच्या आधी एकच अट घाल, आमच्या सेन्सरचा कच्चा आकडा आम्हाला मिळाला पाहिजे, नुसता लाल-हिरवा रंग नाही. या अटीवर एक विक्रेता माझ्याकडून उठून गेला होता, चहाही पुरा प्याला नाही.

रोगाबद्दल काही अडलं तर एल्ल्याला, जुन्या गोव्यात, आयसीएआरचं किनारी शेती संशोधन केंद्र आहे, तिथे गळलेली सुपारी पिशवीत घालून घेऊन जा, फोटो पाठवत बसू नको. आणि पिशवी प्लास्टिकची नको, कागदाची, नाहीतर पोचेपर्यंत सगळ्यावरच पांढरं आलेलं असतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत ये कधीतरी, माझ्याकडे एक जुना नोड पडलाय, ओलावा-पट्टी नवीन आहे, बॅटरी तेवढी घालावी लागेल. पाडेलीला आत्ताच सांगून ठेव, जुलैच्या मध्याची तारीख त्याच्या वहीत लिहून घे, आणि वर चढेल तेव्हा सेन्सर घोसाच्या पावसाच्या बाजूला बांधायला सांग, खोडाच्या आडोशाला नको.